वरच्या कप्प्यातली बॅग: विमानातल्या चोरीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या डिसेंबरातलं, ऐन लग्नसराईतलं. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं, गावं, विमान कंपनी आणि पोलीस ठाणं यांचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. विमा दाव्यांची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं काम. त्या निमित्ताने या प्रकरणातला कागद न् कागद माझ्या हाताखालून गेला.

ज्यांचे दागिने गेले त्या बाई ६७ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. इथे त्यांना काकू म्हणू. बहिणीच्या मुलीचं लग्न उत्तर भारतातल्या एका मोठ्या शहरात होतं. जाताना सगळे मिळून रेल्वेने गेले. परतताना मुलगा-सून तिथून पुढे देवदर्शनाला जाणार होते, आणि गुडघ्यांमुळे काकूंना इतका लांबचा रेल्वे प्रवास पुन्हा झेपला नसता. म्हणून त्यांचं एकटीचं विमानाचं तिकीट काढलं. पाय मोकळे ठेवता यावेत म्हणून मुलाने जादा पैसे भरून पहिल्या रांगेतली, वाटेकडेची सीट घेतली. पुढचं बरंचसं रामायण या सीटमुळे घडलं, पण तिकीट काढताना ते कोणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

लग्नात घातलेले दागिने काकूंजवळच होते. सासूबाईंकडून आलेली पाटल्यांची जोडी, तोडे, दोन वर्षांपूर्वी केलेली मोहनमाळ, असं मिळून साधारण दहा तोळे. शिवाय एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याची ठुशी आणि तिच्या जोडीचे कानातले. हे सगळं एका चपट्या स्टीलच्या डबीत, कापसावर, सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळून ठेवलेलं. डबी खांद्याला अडकवायच्या चेनच्या बॅगेत तळाशी, तिच्यावर शाल, औषधांची पिशवी आणि चष्म्याचं घर. कपड्यांची मोठी बॅग चेक-इन केली होती.

सोनं चेक-इन बॅगेत न टाकता जवळ ठेवणं हा निर्णय बरोबरच होता. रोकड, दागिने, महत्त्वाचे कागद चेक-इन सामानात ठेवू नका, असं कंपन्यांच्या प्रवास अटींतच लिहिलेलं असतं. अंगावर घालून यायचं काकूंनी टाळलं, कारण पोहोचल्यावर टॅक्सीने एकटीने घरी जायचं होतं. तेही समजण्यासारखं आहे.

नेमकं काय घडलं

सुरक्षा तपासणीत बॅग एक्स-रे मशीनमधून गेली आणि बाजूच्या पट्ट्यावर वळवली गेली. स्टीलच्या डबीत दाट धातू दिसत होता. सीआयएसएफच्या महिला जवानाने डबी उघडून दाखवायला सांगितली. काकूंनी गुलाबी कागद उलगडला, जवानाने पाहिलं, "ठीक है माताजी, बंद कर लीजिए" म्हटलं. काकूंनी डबी बंद करून तळाशी सरकवली आणि चेन ओढली. त्या वेळी त्यांना थोडं कानकोंडं झालं, कारण मागे रांग होती आणि चार माणसं बघत होती. हीच तपासणी पुढे या प्रकरणात सगळ्यांत मोलाची ठरली.

गेटपाशी त्या बॅग मांडीवर घेऊन बसल्या. विमान एकाच वाटेचं, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटचं. पहिल्या रांगेत समोर सीट नसते, नुसती भिंत असते, त्यामुळे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी काही ठेवू देत नाहीत. केबिन क्रूने बॅग वर ठेवायला सांगितली. पहिल्या रांगेवरच्या कप्प्यात बऱ्याचदा आपत्कालीन साहित्य असतं, तसं ते होतंच. त्यामागचे कप्पे ट्रॉल्यांनी भरलेले. काकूंना वाकून, हात उंचावून बॅग ठेवणं जमेना, तेव्हा मागून येणाऱ्या एका प्रवाशाने ती घेतली आणि मागच्या बाजूला, बहुधा सहाव्या-सातव्या रांगेवर, जागा बघून सरकवली. मदत करणारा माणूस चोर होता असं मी म्हणत नाही. तसा काडीचाही पुरावा नाही, आणि म्हाताऱ्या माणसाची बॅग उचलून देणारे बहुतेक सगळे चांगल्या मनाने देतात.

प्रवास दोन तासांचा. सीटबेल्टचा दिवा विझल्यावर काकूंना बॅग मागावीशी वाटली, पण क्रूची खाण्याची गाडी वाटेत होती, म्हणून त्या थांबल्या आणि मग डोळा लागला. उतरल्यावर सगळी माणसं एकदम उठून वाटेत उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या माणसाला त्या गर्दीत उलट दिशेने मागे जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात दाखवून "ती करड्या रंगाची" म्हणून सांगितलं आणि बॅग तीन-चार हातांतून पुढे आली. चेन बंद होती, वजन तसंच वाटलं. शाल, औषधं, डबी, सगळं आपापल्या जागी असल्यासारखं.

घरी पोहोचेपर्यंत टॅक्सीत बॅग मांडीवर होती. रात्र झाली होती, शेजारणीने आणून दिलेली खिचडी खाऊन काकू झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला म्हणून डबी उघडली. आत कापूस, नीट घडी घातलेला गुलाबी कागद आणि मुलाम्याची ठुशी व कानातले होते. पाटल्या, तोडे, मोहनमाळ नव्हती.

संशय कुठे जातो

पहिल्या दोन तासांत जे झालं ते दागिने जाण्याइतकंच वाईट होतं. फोनवर मुलाने विचारलं, "आई, कार्यालयातून निघताना नक्की पाहिलं होतंस का?" त्या एका प्रश्नातून वाटा फुटल्या. ज्या खोलीत बायका कपडे बदलत होत्या तिथे कोण कोण होतं, बहिणीकडची कामवाली आत आली होती का, भाचीच्या सासरचं कोण रात्री मुक्कामाला होतं. बहिणीपर्यंत ही कुजबुज पोहोचली आणि दोन्ही घरांत बोलणं तुटायची वेळ आली. कामवाल्या बाईला तर पोलिसांत नेण्याची भाषा सुरू झाली होती.

मला बोलावलं ते त्या संध्याकाळी. मी काकूंना फक्त एकच विचारलं: डबी शेवटची कधी उघडलीत? त्यांनी सुरक्षा तपासणीचं सांगितलं, तेही "त्यांनी उगाच सगळ्यांसमोर उघडायला लावली" अशा सुरात. पण त्याने सगळं चित्र पालटलं. तपासणीच्या टेबलावर दागिने होते आणि तिथे कॅमेरे असतात. म्हणजे कार्यालय, बहीण, कामवाली, सासरची माणसं, सगळी एका फटक्यात मोकळी झाली. उरला तो काळ तपासणीपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचा. त्यात बॅग काकूंच्या हाताबाहेर होती ती फक्त विमानात.

दुसरी गोष्ट ठुशीची. घेणाऱ्याने मुलाम्याचं ठेवून अस्सल नेलं. गर्दीत हात घालून मिळेल ते ओढणारा माणूस असं निवडत बसत नाही. याचा अर्थ त्याला डबी उघडून, बघून, परत कागदाची घडी घालून ठेवण्याइतकी सवड मिळाली होती. ती चढतानाच्या धक्काबुक्कीत मिळत नाही. बॅग खाली काढून आपल्या सीटवर किंवा शौचालयात नेली असणार आणि परत ठेवली असणार. शेवटी चेन बंद, डबी जागेवर, म्हणजे उघडल्याची शंका लवकर येऊ नये याची काळजी घेतली होती. हे सराईताचं काम.

असे सराईत आहेत, ही काही माझी कल्पना नव्हे. मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका माणसाला पकडलं. त्याने वर्षभरात २०० च्या आसपास विमान प्रवास केले होते ते सहप्रवाशांच्या हँडबॅगांतले दागिने चोरण्यासाठी. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये वेगवेगळ्या विमानांत दोन प्रवाशांचे दागिने गेले होते. पोलिसांनी त्या विमानांच्या प्रवासी याद्या ताडून पाहिल्या आणि विमानतळावरचं सीसीटीव्ही चाळलं, तेव्हा तो सापडला. तिकिटं तो आपल्या मृत भावाच्या नावावर काढत असे. एकट्या प्रवास करणाऱ्या वयस्कर बायका हेरायच्या, चढताना वरच्या कप्प्याशी घोटाळायचं, गरज पडली तर सीट बदलून मागायची, ही त्याची पद्धत होती. काकूंच्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही, पण पद्धत वाचल्यावर मुलगा बराच वेळ गप्प राहिला.

समोर असलेले पर्याय

कुटुंबाने सकाळी सगळ्यात आधी विमान कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. तिथे तक्रार क्रमांक मिळाला आणि दिवस गेला. कंपनीकडून भरपाई मिळेल ही आशा मी पहिल्याच बैठकीत सोडायला सांगितली. चेक-इन सामान कंपनीच्या ताब्यात असतं, हातातलं सामान प्रवाशाच्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेला १९९९ चा मॉन्ट्रियल करार, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला, हातातल्या सामानाबाबत कंपनीला तेव्हाच जबाबदार धरतो जेव्हा नुकसान तिच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्यांच्या चुकीमुळे झालं असेल. देशांतर्गत प्रवासातही कंपन्यांच्या अटी त्याच वळणाच्या असतात. क्रूने बॅग वर ठेवायला सांगितली हा नियमच होता, त्याला चूक म्हणता येत नव्हतं. तरी कंपनीला लेखी कळवणं आवश्यक होतं, पण वेगळ्या कारणासाठी: प्रवासी यादी, सीटवाटप आणि क्रूची नोंद जपून ठेवावी म्हणून.

दुसरा पर्याय म्हणजे जिथून विमान निघालं तिथे जाऊन फिर्याद द्यायची. स्थानिक पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेल्यावर हेच ऐकायला मिळालं: "चोरी आमच्या हद्दीत झालेली नाही, तिकडे जा." ६७ वर्षांच्या, गुडघे धरलेल्या बाईला.

तिसरा पर्याय, आणि तोच आम्ही धरला, इथेच गुन्हा नोंदवण्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावी लागते. यालाच बोली भाषेत झिरो एफआयआर म्हणतात. शिवाय प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला, तो माणूस किंवा ती वस्तू ज्या ज्या हद्दीतून गेली त्यातल्या कुठल्याही न्यायालयात चालू शकतो, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. प्रवासी वाहनातून वस्तू चोरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येतं आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साधी "हरवल्याची नोंद" करून घ्या, असाही सल्ला कोणी तरी दिला होता. त्याला मी ठाम नकार दिला. हरवल्याच्या दाखल्यावर तपास होत नाही, आणि विमा कंपनी तो चोरीचा पुरावा धरत नाही.

काय केलं

अर्ज लिहायला अख्खी रात्र गेली. "माझे दागिने विमानात चोरीला गेले" एवढ्या वाक्यावर पोलीस काही करू शकत नाहीत. त्यामुळे अर्जात पीएनआर, सीट क्रमांक, सुरक्षा तपासणीची अंदाजे वेळ आणि कोणत्या पट्ट्यावर बॅग उघडली ते, बॅग कुठल्या रांगेवर ठेवली गेली, कोणी उचलली त्याचं जेवढं आठवतं तेवढं वर्णन, उतरताना ती कोणत्या बाजूने आली, असं क्रमाने लिहिलं. दागिन्यांचं वर्णन वेगळ्या कागदावर: प्रत्येक नगाचं वजन, घडण, पाटल्यांवरची नक्षी, तोड्यांच्या आत सराफाचा ठसा. मोहनमाळेची पावती होती. पाटल्या वारशाने आलेल्या, त्यांची पावती कुठून असणार? पण लग्नातले फोटो होते. छायाचित्रकाराकडून मूळ फाइली मागवल्या आणि त्यातला काकू अक्षता टाकताना टिपलेला एक फोटो निवडला. त्यात हात पुढे आहेत आणि पाटल्या, तोडे दोन्ही लख्ख दिसतात.

दुसऱ्या खेपेला मुलगा, काकू आणि मी असे तिघे गेलो. ठाणे अंमलदाराशी वाद घातला नाही. अर्जाच्या दोन प्रती दिल्या, एकीवर पोच मागितली आणि कलम १७३ चा उल्लेख अर्जातच होता. गुन्हा नोंदवला नाही तर टपालाने वरिष्ठांकडे पाठवायचा मार्ग त्याच कलमात आहे, तो वापरावा लागला नाही. झिरो क्रमांकाने गुन्हा दाखल झाला आणि ज्या विमानतळावरून विमान निघालं तिथल्या ठाण्याकडे वर्ग झाला. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती आम्ही तिथेच घेतली.

त्याच दिवशी दोन्ही विमानतळांच्या व्यवस्थापनाला आणि विमान कंपनीला ईमेल गेले: फुटेज आणि नोंदी जपून ठेवा, पोलीस मागतील. प्रवाशाने मागितलं म्हणून फुटेज मिळत नाही, आणि सहप्रवाशांची नावं तर मुळीच नाहीत. ते योग्यच आहे. पण फुटेज कायमचं साठवलेलं नसतं, त्यावर नवं चढतं. जपून ठेवण्याची लेखी विनंती वेळेत गेली आणि तपास अधिकाऱ्याच्या पत्राआधी ती नोंद झालेली असली, तर पुढे "मिळालं नाही" असं उत्तर येण्याची शक्यता कमी होते.

एक काम मी काकूंकडून आग्रहाने करून घेतलं. ते कुठल्या फाइलीत नाही. त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलं की डबी विमानतळावर भरलेली होती, तुझ्याकडच्या कोणावर माझा संशय नाही, आणि हे त्या कामवाल्या बाईच्या कानावरही घाल. फोन ठेवल्यावर काकू रडल्या. दागिने गेल्यापासून पहिल्यांदाच.

विम्याचा पेच

मुलाने घराच्या विम्याबरोबर दागिन्यांचं वाढीव संरक्षण घेतलेलं होतं, घराबाहेर देशभर लागू होणारं. असं संरक्षण पुष्कळ लोक घेतच नाहीत, कारण हप्ता थोडा वाढतो. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचा आक्षेप अपेक्षेप्रमाणे आला: दागिने "लक्ष न ठेवता सोडलेले" होते, आणि अशा मालाला संरक्षण नाही. बहुतेक पॉलिसींत हे कलम असतंच, आणि प्रवास विम्यात तर ते आणखी कडक असतं.

आमचं म्हणणं असं होतं की बॅग सोडलेली नव्हती. विमानाच्या सुरक्षा नियमाप्रमाणे, क्रूच्या सांगण्यावरून ती बंद कप्प्यात ठेवली होती आणि मालक त्याच केबिनमध्ये होती. पहिल्या रांगेत पायाशी सामान ठेवता येत नाही, हे विमान कंपनीच्या स्वतःच्या सूचनापत्रकातून दाखवलं. बोर्डिंग पासवरचा सीट क्रमांक जोडला. इथे ती पहिल्या रांगेची सीट, जिच्यामुळे बॅग दूर गेली, तीच बचावाला आली.

निष्पत्ती

तपासात सुरक्षा तपासणीचं फुटेज मिळालं. त्यात डबी उघडलेली, कागद उलगडलेला दिसतो. प्रवासी यादी तपासली गेली, काही जणांचे जबाब झाले. केबिनमध्ये मात्र कॅमेरा नव्हता, त्यामुळे बॅग खाली कोणी काढली हे कोणीच ठामपणे सांगू शकलं नाही. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवावी लागते, तशी ती कळवली गेली. पुढे "गुन्हा घडला, आरोपी निष्पन्न नाही" असा अहवाल न्यायालयात गेला आणि मंजूर झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात यालाच ए समरी म्हणतात. फिर्याद खोटी ठरली तर ती बी समरी, म्हणून अहवालाचा प्रकार कोणता हे विमा कंपनी बारकाईने बघते.

विम्याचा दावा मंजूर झाला, पण अर्धामुर्धा. पाटल्या आणि तोडे पॉलिसीच्या यादीत वजनासह लिहिलेले होते, सराफाचं मूल्यांकन जोडलेलं होतं, त्यांची रक्कम मिळाली. मोहनमाळ नंतर केलेली. पावती होती, पण दरवर्षी नूतनीकरण करताना ती यादीत घालायची राहून गेली. तिचे पैसे मिळाले नाहीत. दागिना स्वतः यापैकी कुठलाच परत आला नाही. सासूबाईंच्या पाटल्यांची रक्कम बँकेत जमा झाली त्या दिवशी काकूंनी मला पेढे दिले, पण त्यातला एकही स्वतः खाल्ला नाही.

निर्णयाचे क्षण: कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी सीट. गुडघेदुखी असलेल्या माणसाला पहिली रांग सोयीची, यात वाद नाही. पण तिथे बसणाऱ्याचं सामान वर जातं आणि बहुतेक वेळा मागे जातं, म्हणजे नजरेआड. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत वाटेकडेची सीट घेतली असती तर लहान बॅग समोरच्या सीटखाली, दोन पायांच्या मध्ये राहिली असती. मौल्यवान वस्तू जवळ असेल त्या प्रवासात पाय लांब करण्याची सोय सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅग वर ठेवणं भागच असेल तर आपल्या डोक्यावरच्या कप्प्यापेक्षा वाटेपलीकडचा, एक-दोन रांगा पुढचा कप्पा चांगला. डोक्यावरचा कप्पा बसल्या जागेवरून दिसत नाही, समोरचा दिसतो.

मग बॅग आणि दागिने यांची ताटातूट. क्रूने बॅग वर ठेवायला सांगितली तेव्हा काकूंकडे आणखी एक वाट होती. डबीतलं काढून अंगावरच्या बटव्यात घ्यायचं. आपल्या आज्या कमरेला चंची खोचून पंढरपूरची वारी करत, ती काही उगीच नाही. अंगाला बांधलेल्या बटव्याला क्रू हरकत घेत नाही. अर्थात विमानात चढल्यावर, मागे माणसं खोळंबलेली असताना डबी उघडून दागिने बटव्यात भरणं म्हणजे सगळ्या केबिनला दाखवणं. हे सुरक्षा तपासणी झाल्यावर, महिलांच्या स्वच्छतागृहात, दार लावून करायचं काम आहे. घरातून निघतानाच बटवा बरोबर असला तरच ते सुचतं.

गेटवर कधी कधी कप्पे भरले म्हणून हातातली बॅगच खाली सामानात पाठवायला लावतात. तेव्हा दागिने, औषधं, कागदपत्रं आणि पॉवर बँक बाहेर काढायचीच. पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही.

चेनबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. कुलूप लावलं की झालं, असं वाटतं. नायलॉनच्या दातांची चेन बॉलपेनचं टोक खुपसून मधूनच उसवता येते आणि कुलूप न उघडता दोन्ही रनर त्यावरून एकदा पुढे-मागे फिरवले की ती पुन्हा जुळते, मागमूस राहत नाही. त्यावर उपाय स्वस्त आहे: दोन्ही रनर कुलपाने एकमेकांना तर जोडायचेच, शिवाय बॅगेच्या मुठीशी किंवा शिवलेल्या कडीशी बांधायचे, म्हणजे ते सरकत नाहीत आणि उसवलेली चेन उसवलेलीच राहते. चोरी थांबेलच असं नाही, पण लगेच कळते. वर ठेवताना चेनची बाजू आतल्या भिंतीकडे ठेवावी. उघडणाऱ्याला बॅग फिरवावी लागते, आणि फिरवाफिरव दिसते.

सीटबेल्टचा दिवा विझल्यावर बॅग मागून घेता आली असती. काकू थांबल्या त्या क्रूला त्रास नको म्हणून. आपल्या पिढीच्या बायकांना हे सांगावंच लागतं की बोलावण्याचं बटण यासाठीच असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा क्षण, माझ्या मते, विमान उतरल्यानंतरची ती पाच-दहा मिनिटं. पहिल्या रांगेतल्या माणसाला आधी उतरण्याची घाई नसते, तरी मागून रेटा येतो. काकूंनी बसून राहायला हवं होतं, सगळे उतरेपर्यंत. बॅग हातात आल्यावर तिथेच डबी उघडून बघायला हवी होती. विमानाच्या दारातून बाहेर पडण्याआधी दागिने नाहीत हे कळलं असतं तर क्रू कॅप्टनला सांगू शकतो, कॅप्टन रेडिओवरून विमानतळाच्या सुरक्षा यंत्रणेला कळवू शकतो, आणि प्रवासी अजून बसमध्ये किंवा सामानाच्या पट्ट्याशी असतात. यादीतला प्रत्येक माणूस अर्ध्या किलोमीटरच्या आत असतो. दुसऱ्या सकाळी तेच लोक अर्ध्या देशभर पांगलेले असतात, आणि पोलिसांना हातात एक यादी आणि एक रिकामी डबी एवढंच मिळतं.

बॅगेतून काय गेलं हे बघताना बॅगेत काय आलं तेही बघायचं. काकूंचा धाकटा मुलगा आखातात आहे, त्यालाही मी हे सांगितलं. चार अनोळखी हातांतून आलेली बॅग कस्टम्सच्या रांगेत न बघता नेणं फार महागात पडू शकतं. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे न्यायालय आरोपीला माहीत होतं असं गृहीत धरतं, आणि नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं असतं. परदेशी विमानात वाद आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण १९६३ च्या टोकियो करारानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाचा कायदा विमानातल्या गुन्ह्याला लागू होऊ शकतो.

काकू यंदा मार्चमध्ये पुन्हा विमानाने गेल्या, भाचीच्या डोहाळजेवणाला. चौथ्या रांगेत बसल्या. बॅग पायाशी होती. पॉलिसीच्या यादीत आता मंगळसूत्र, उरलेल्या चार बांगड्या आणि कुड्या वजनासकट लिहिलेल्या आहेत, आणि प्रत्येक नगाचा फुटपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या फोनमध्ये आहे.